लाइव्ह वाजवताना कीबोर्ड नडतोय? नाशिकच्या वाजवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आपल्याकडे वर्षभर कुठं ना कुठं कीबोर्ड वाजतच असतो. गणपती, नवरात्र, पाडवा पहाट, १४ एप्रिलची भीमगीतं, लग्नाची संगीत रात्र, जागरण गोंधळ, आणि आता २०२७ च्या कुंभमेळ्यामुळे भजनाचे कार्यक्रम अजून वाढणार. तेच तेच प्रश्न सारखे येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय. एक गोष्ट आधीच सांगतो, कीबोर्ड स्वतः फार क्वचित मरतो, दहातल्या बहुतेक वेळा घोळ अडॅप्टरमध्ये, वायरमध्ये नाहीतर सेटिंगमध्ये असतो. त्यामुळे शोध लाइटच्या सॉकेटपासून सुरू करायचा आणि शेवटी की पर्यंत यायचं. लोक उलटं करतात, पहिला स्क्रू ड्रायव्हर काढतात.

कीबोर्ड चालूच होत नाहीये, घरी तर व्यवस्थित होता. काय बघू?

आधी बोर्डवर मोबाइलचा चार्जर लावून बघा लाइट आहे का. हसू नका, मंडपातल्या एक्स्टेन्शनचं बटण बंद असणं हे कारण मी सगळ्यात जास्त वेळा बघितलंय. लाइट असेल तर मग अडॅप्टर. अडॅप्टर दुसऱ्याचा आणला असेल तर तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: व्होल्ट अगदी तेवढेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त (कमी चालत नाही), आणि पोलॅरिटी, म्हणजे पिनच्या आत प्लस आहे की मायनस. कीबोर्डच्या मागे आणि अडॅप्टरवर दोन्हीकडे छोटं गोलाचं चिन्ह असतं ते जुळवा. यामाहाच्या पीएसआर-ई वाल्या मॉडेलला १२ व्होल्ट आणि आत प्लस लागतो. कॅसिओच्या जुन्या मॉडेलचा एडी-५ अडॅप्टर ९ व्होल्टचा आणि आत मायनस, आणि त्याच कॅसिओचा नवा ९.५ व्होल्टचा अडॅप्टर आत प्लस. म्हणजे एकाच कंपनीतसुद्धा उलटं आहे, "पिन बसली म्हणजे चालतं" हा हिशोब इथं महागात पडतो.

पिन बसते पण हलवली की बंद चालू होतं, असं असेल तर कीबोर्डमधल्या अडॅप्टरच्या सॉकेटचं सोल्डर सुटलंय. हे रिपेअरिंगचं अगदी छोटं काम आहे, पण कार्यक्रमाच्या दिवशी नाही, तोपर्यंत वायर कीबोर्डच्या मागे टेपने अशी चिकटवा की ओढ सॉकेटवर येणार नाही. आणि तुमचं मॉडेल सेलवर चालत असेल तर सेलचा एक नवा सेट बॅगेत ठेवाच, हा सगळ्यात स्वस्त बॅकअप आहे.

मंडपातल्या लाइटवर डायरेक्ट लावू का? जनरेटर असला तर?

आजकालचे अडॅप्टर बहुतेक १०० ते २४० व्होल्टवाले असतात (वर छापलेलं असतं, वाचा), त्यामुळे व्होल्टेज थोडं खाली गेलं तरी कीबोर्डला फारसं कळत नाही. खरी भीती वेगळीच आहे. मंडपात थ्री फेज आलेला असतो, एका फेजवर लाइट, एकावर साउंड, एकावर बाकी काहीतरी, आणि कुठंतरी न्यूट्रल ढिला झाला किंवा सुटला की तुमच्या २३० व्होल्टच्या बोर्डावर तीनशेच्या वर, कधी कधी ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात कारण दोन फेजमध्ये ४१५ असतात, आणि मग कीबोर्ड, अँप, मिक्सर सगळं एका झटक्यात जातं. त्यामुळे साधा मल्टिमीटर जवळ ठेवा आणि काही लावायच्या आधी बोर्ड मोजा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये एखाद दोन व्होल्ट. हे आकडे इकडंतिकडं वाटले तर मंडपवाल्याच्या वायरमनला बोलवा आणि तो "चालतंय हो" म्हणाला तरी कीबोर्ड लावू नका.

जनरेटर असेल तर तो सुरू होऊन स्थिर झाल्यावरच लावायचं, आणि डिझेल भरायला बंद करणार असतील तर आधी सांगायला सांगा. छोटा कॉम्प्युटरचा यूपीएस मध्ये टाकला तर लाइट गेली तरी गाणं तुटत नाही.

सत्कार चालू होते, भाषणं संपली, गाणं सुरू करायला गेलो तर कीबोर्ड बंद!

बिघाड नाहीये भाऊ, ऑटो पॉवर ऑफ आहे. बऱ्याच पोर्टेबल कीबोर्डमध्ये काही वेळ कोणी हात लावला नाही की तो आपोआप बंद होतो, यामाहा पीएसआर-ई मध्ये फॅक्टरी सेटिंग ३० मिनिटांचं असतं. आणि आपल्याकडे शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, दोन नगरसेवक आणि एक आमदार एवढ्यात ३० मिनिटं सहज जातात. फंक्शन मेन्यूत जाऊन ते ऑफ करा, किंवा पीएसआर-ई मध्ये सगळ्यात डावीकडची की दाबून धरून चालू केलं तरी ते बंद होतं. बाकी कंपन्यांचं मॅन्युअलमध्ये बघा, सेटिंग सगळीकडे आहे.

स्पीकरमधून सारखा हूंऽऽऽ आवाज येतोय. साउंडवाला म्हणतो कीबोर्ड खराब आहे.

साउंडवाला नेहमीच असं म्हणतो. हा हूं म्हणजे बहुतेक वेळा आपल्या ५० हर्ट्झच्या लाइटचाच आवाज असतो, कीबोर्ड आणि मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगला जोडले गेले की दोघांच्या मध्ये ऑडिओ वायरमधून थोडा करंट फिरतो आणि तो ऐकू येतो. शोधायची पद्धत सोपी आहे. अडॅप्टर काढून कीबोर्ड सेलवर चालवा. हूं गेला तर कीबोर्ड निर्दोष, भानगड सप्लायची. राहिला तर ऑडिओ वायर बदला, तरी राहिला तर मिक्सरचा दुसरा चॅनल. लॅपटॉप जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढून बघा, निम्म्या वेळा तोच चोर निघतो.

उपाय दोन. एक म्हणजे कीबोर्ड आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवायचे, लांब एक्स्टेन्शन ओढायला लागलं तरी चालेल. दुसरा म्हणजे डीआय बॉक्स (कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये लावायची छोटी डबी), पॅसिव्हवाला, त्यात आत ट्रान्सफॉर्मर असतो त्यामुळे आवाज जातो पण वायरचा सरळ संबंध तुटतो, आणि त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते दाबलं की हूं गायब. आणि स्टेजपासून मिक्सर लांब असेल तर डीआय तसाही पाहिजेच, साधी मोनो वायर सात-आठ मीटरच्या पुढे नेली की ती सगळीकडची घाण गोळा करते.

एक मात्र अजिबात करायचं नाही, ते म्हणजे प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकणं. हूं जातो हे खरं, पण कुठं लीकेज झालं तर तो करंट माइक धरलेल्या गायकातून जातो. पावसात ओल्या स्टेजवर तर विचारच करू नका.

हूं नाही पण झर्रर्र असा बारीक आवाज येतो आणि लाइटचा रंग बदलला की तो पण बदलतो, असं असेल तर एलईडी पारच्या (स्टेजच्या रंगीत दिव्यांच्या) वायरी आणि तुमच्या ऑडिओ वायरी एकत्र बांधल्यात. वेगळ्या करा, क्रॉस करायच्याच असतील तर आडव्या क्रॉस करा. आणि मोबाइल कीबोर्डवर ठेवू नका.

हेडफोनमध्ये मस्त वाजतंय पण मिक्सरला जोडलं की आवाज पोकळ, लांबून आल्यासारखा, बेस तर गायबच

हा सगळ्यात फसवा प्रॉब्लेम, आणि नवीन कीबोर्ड परत करून आलेले लोक मला माहीत आहेत. कारण असं की छोट्या कीबोर्डला वेगळा लाइन आउट नसतो, हेडफोनचाच जॅक असतो आणि तो स्टिरिओ असतो, म्हणजे एकाच पी-३८ (पाव इंची जाड ऑडिओ पिन) मध्ये टोकाला डावा आवाज आणि मधल्या रिंगला उजवा. तुम्ही दोन्हीकडे स्टिरिओ पी-३८ असलेली वायर आणून ती मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली. पण मिक्सर त्या रिंगला उजवा आवाज समजतच नाही, तो समजतो की हा पहिल्या सिग्नलचाच उलटा भाग आहे, आणि तो डाव्यातून उजवा वजा करतो. मग डावीकडे उजवीकडे जे सारखं आहे (बेस, किक, पियानोचा मधला भाग) ते शून्य होतं, आणि जे दोन्हीकडे वेगळं आहे, म्हणजे रिव्हर्ब आणि कोरस, तेवढंच उरतं. म्हणून तो पोकळ आवाज.

उपाय: एका बाजूला स्टिरिओ पी-३८ आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो पी-३८ अशी वाय वायर घ्या, एमजी रोडला तयार मिळेल नाहीतर कोणाकडूनही सोल्डर करून घ्या, आणि मिक्सरचे दोन चॅनल वापरा. आपल्या मंडपातली सिस्टीम बहुतेक वेळा मोनोच असते, तर दोन्ही चॅनलचा पॅन मधोमध ठेवा. मोठ्या कीबोर्डला मागे एल/मोनो आणि आर असे दोन जॅक असतात, तिथं एकच वायर असेल तर ती फक्त एल/मोनोमध्ये लावायची, कीबोर्ड स्वतःच दोन्ही आवाज एकत्र करून देतो. नुसत्या आर मध्ये लावली की अर्धा आवाज जातो.

व्हॉल्यूम कीबोर्डवर साधारण पाऊण ठेवा आणि बाकीचं मिक्सरच्या गेनवर. हेडफोन जॅक फुल केला की आवाज फाटतो आणि शिव्या स्पीकरला बसतात.

गायक म्हणतो काळी चार, मी सगळं पांढरी एकमध्ये बसवलंय. ट्रान्सपोज किती?

पांढरी एक (म्हणजे सी) वाजवून हवी ती पट्टी मिळवायची असेल तर ट्रान्सपोज (सगळे सूर अर्ध्या अर्ध्या सुराने वर-खाली सरकवायचं सेटिंग) असं ठेवा: काळी एक +१, पांढरी दोन +२, काळी दोन +३, पांढरी चार +५, काळी चार -४, काळी पाच -२. पांढरी पाचला -५ करा नाहीतर +७, गाण्याचा आवाज भारी लागतो की पातळ त्यावर ठरवा. हे एका कागदावर लिहून कीबोर्डला चिकटवा, स्टेजवर डोकं चालत नाही.

पण यात एक खोच आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये रजिस्ट्रेशन मेमरीत (एका बटणावर सगळं सेटिंग साठवायची सोय) टोनबरोबर ट्रान्सपोजसुद्धा सेव्ह होतं. म्हणजे तुम्ही घरी शून्यावर सेव्ह केलं, स्टेजवर -४ केलं, आणि अंतऱ्याला बासरीचा टोन आणायला रजिस्ट्रेशन दोन दाबलं की ट्रान्सपोज परत शून्य, आणि अख्खा बँड तुमच्याकडे बघतोय. तुमच्या कीबोर्डला फ्रीझचं (रजिस्ट्रेशन दाबलं तरी ठराविक सेटिंग बदलू न देणारं) फंक्शन असेल तर त्यात ट्रान्सपोज फ्रीझ करा, नसेल तर प्रत्येक गायकाच्या पट्टीची वेगळी बँक बनवा. माझं मत विचाराल तर काळी एक, काळी चार आणि काळी पाच या तीन पट्ट्या तरी हाताने वाजवता आल्याच पाहिजेत, कारण गायक ऐन वेळी "अर्धा सूर खाली घ्या" म्हणतो आणि तेव्हा मेन्यूत शिरायला वेळ नसतो.

हार्मोनियमबरोबर कीबोर्ड बेसूर लागतो, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत

हो, कारण कीबोर्डची मधली पांढरी सहा ४४० हर्ट्झवर असते आणि पेटी ज्याने ट्यून केली त्याच्या मर्जीवर. पेटीचे सूर स्टेजवर बदलता येत नाहीत, कीबोर्डचे येतात, म्हणून आपणच हलायचं. पेटीवाल्या काकांना मधल्या सप्तकातली पांढरी सहा धरायला सांगा, तुम्ही कीबोर्डवर तीच धरा, साधा ऑर्गनचा टोन घ्या, व्हायब्रॅटो आणि कोरस बंद. आता नीट ऐकलं तर आवाज हेलकावे खाताना ऐकू येईल, वॉव, वॉव, वॉव. सेकंदाला जितके हेलकावे तितक्या हर्ट्झचा फरक. फंक्शनमधलं ट्यूनिंग थोडं थोडं वर न्या, हेलकावे हळू होत गेले तर दिशा बरोबर, वाढले तर उलटं फिरा. हेलकावे थांबले की जुळलं. मोबाइलच्या ट्यूनर अ‍ॅपने पण होतं, पण तबल्याची ठोकाठोकी चालू असते तिथं कानच बरा. कॅसिओत ४१५ च्या आसपासपासून ४६५ च्या आसपासपर्यंत जाता येतं, यामाहा पीएसआर-ई मध्ये ४२७ पासून ४५३ पर्यंत, एवढं कधी लागत नाही. हे आधी करायचं आणि तबला नंतर मिळवायचा, नाहीतर तबलजीला सगळं परत करावं लागतं.

थंडीत बासरीवाला खाली लागतो

जानेवारीत गंगापूर रोडच्या लॉन्सवर रात्रीचा कार्यक्रम म्हणजे दहा अंशाच्या खाली पण जातं. हवा गार झाली की बासरीचा सूर उतरतो, एका अंशाला साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), कीबोर्ड मात्र हलत नाही. त्यांना बासरी शालीत गुंडाळून ठेवायला आणि वाजवायच्या आधी फुंकून गरम करायला सांगा. सोलोच्या गाण्यापुरतं तुम्ही पण हर्ट्झ दोन हर्ट्झ खाली येऊ शकता, पेटी नसेल तरच.

एकच की वाजत नाही, किंवा एकच की एकदम जोरात वाजते

दोन्हींचं कारण बहुतेक एकच. प्रत्येक कीच्या खाली रबराच्या टोपीत कार्बनचे दोन काळे ठिपके असतात, की दाबली की आधी एक टेकतो मग दुसरा, आणि या दोघांच्या मधला वेळ मोजून कीबोर्ड ठरवतो की तुम्ही हळू वाजवलं की जोरात. एका ठिपक्याखाली धूळ आली की हिशोब चुकतो, की गप्प बसते नाहीतर ओरडते. जागरण गोंधळाला भंडारा आणि गणपतीत गुलाल, ही पूड बरोबर तिथंच जाऊन बसते.

कार्यक्रम आजच असेल तर टच रिस्पॉन्स (हळू-जोरात ओळखणारं सेटिंग) ऑफ करा, ओरडणारी की निदान बाकीच्यांसारखी वाजेल. नंतर निवांत उघडायचं. स्क्रू लांब आखूड असतात, कुठला कुठं ते फोटो काढून ठेवा, लांब स्क्रू चुकीच्या जागी लावला तर वरून बाहेर येतो. सर्किट बोर्डवरचे काळे पॅड ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल इअरबडला लावून हलक्या हाताने पुसा, रबर फक्त कोरड्या मऊ ब्रशने. सॅनिटायझर नको, पेट्रोल नको, गंजाचा स्प्रे तर बिलकुल नको, कार्बनच निघून येतो. रबराची पट्टी परत बसवताना सगळीकडे सपाट बसली का बघा, एक कोपरा उचललेला राहिला की तीन-चार कीज एकदम वेड्यासारख्या वागतात.

डिस्प्ले चालू, आवाज शून्य

हेडफोनच्या जॅकमध्ये काही अडकलंय का? नुसता कनेक्टर राहिला तरी स्पीकर बंद होतात. नसेल तर फंक्शन मेन्यूतलं लोकल कंट्रोल बघा, लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करताना कोणीतरी ऑफ केलेलं असतं, मग कीज दाबल्या तरी कीबोर्डच्या आतला आवाज निघत नाही.

डावा हात वाजवला की वेगळेच आवाज येतात

एसीएमपी किंवा कॉर्ड मोड (डाव्या हाताच्या कॉर्डवर कीबोर्ड स्वतः साथ वाजवतो तो) चालू आहे, बंद करा.

पेडल उलटं चालतंय, पाय काढला की सूर लांबतो

कीबोर्ड चालू होताना बऱ्याच मॉडेलमध्ये पेडलची पोलॅरिटी ओळखली जाते, तेव्हा पाय पेडलवर असला की ते उलटं धरतं. बंद करा, पेडल लावा, पाय लांब ठेवा, मग चालू करा. तरी उलटंच असेल तर पेडल बहुतेक दुसऱ्या कंपनीचं आहे, काही पेडलच्या खाली छोटा स्विच असतो, असेल तर तो सरकवा.

रिदम चालू असताना मधले सूर तुटतात

पॉलिफोनी, म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या सुरांची मर्यादा, संपली. यामाहा पीएसआर-ई३७३ ला ती ४८ आहे, आणि त्या ४८ मध्ये स्टाइलचा (आपोआप वाजणाऱ्या रिदमचा) ड्रम, बेस, तुमचा ड्युअल टोन (एका कीवर दोन आवाज) आणि पेडलने लांबवलेले सगळे सूर आले. ड्युअल काढा, पेडल कमी दाबा.

सगळंच गोंधळलंय, रिसेट करू का?

करा, पण आधी बॅकअप घ्या. पीएसआर-ई मध्ये सगळ्यात उजवीकडची पांढरी की धरून चालू केलं की सेटिंग आणि रजिस्ट्रेशन पुसलं जातं. त्याच कीबरोबर उजवीकडच्या तीन काळ्या पण धरल्या तर कॉम्प्युटरवरून भरलेल्या स्टाइल आणि गाणी पण जातात, विकत घेतलेल्या इंडियन स्टाइल असतील तर रडायची वेळ येते. स्टेजवर कधीच नाही, घरी बसून.

लॅपटॉपचे टोन वापरतो, की दाबल्यावर आवाज उशिरा येतो

ऑडिओ सेटिंगमधला बफर (लॅपटॉप आवाज ज्या तुकड्यांत पाठवतो त्या तुकड्याचा आकार) कमी करा. ४४.१ किलोहर्ट्झवर ५१२ चा बफर म्हणजे साधारण १२ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे ३. विंडोज असेल तर एएसआयओ (आवाज उशीर न करता देणारा) ड्रायव्हर लागतोच. ब्लूटूथ स्पीकरचा नाद सोडा, त्यात शंभर दोनशे मिलिसेकंद सहज जातात, आणि तेवढ्यात तबल्याची मात्रा निघून गेलेली असते. मॉनिटर स्पीकर पण जवळ घ्या, आवाज एक मीटर यायला ३ मिलिसेकंद घेतो, दहा मीटर लांबचा ऐकून वाजवलं तर तुम्ही कायम मागेच राहणार.

साउंड चेकला वेळच देत नाहीत

देणारच नाहीत, रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा असतो आणि सगळा उशीर आपल्यावरच येतो. म्हणून टोन, पट्टी, ट्यूनिंग हे सगळं हेडफोनवर आधीच उरकून ठेवा आणि मिक्सरवाल्याकडे फक्त दोन मिनिटं मागा: सगळ्यात जोरात वाजणारं गाणं वाजवा, गेन त्यावर सेट करू द्या. हळू गाण्यावर सेट केला तर धमाल गाण्याला फाटतो. चालू करताना कीबोर्ड आधी, अँप शेवटी, बंद करताना अँप आधी.

मिरवणुकीच्या गाडीवर कीबोर्ड कसा बांधायचा?

एक्स स्टँड विसरा, पहिल्या स्पीड ब्रेकरला तो मिटतो. टेबल किंवा प्लायचा पाट, त्यावर जाड फोम, आणि कीबोर्डच्या दोन्ही टोकांना सामान बांधायचा पट्टा, कीज आणि बटणांवरून नाही. सगळ्या वायरी पाटाला एकदा बांधून मग कीबोर्डला जाऊ द्या, म्हणजे कोणाचा पाय अडकला तर जॅक तुटणार नाही. पावसाचं ट्रान्सपरंट प्लास्टिक आधीच एका बाजूने चिकटवून गुंडाळून ठेवा, सर आली की नुसतं ओढायचं, आणि गुलाल उडायला लागला तरी तेच ओढायचं, त्याच्या खालून पण वाजवता येतं. भिजलाच तर चालू करून बघायचा मोह आवरा, अडॅप्टर आणि सेल काढा, उलटा करून पंख्याखाली दोन दिवस ठेवा. त्र्यंबक, इगतपुरीकडे जुलै-ऑगस्टमध्ये कार्यक्रम करणाऱ्यांनी बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि घरी आल्यावर बॅग बंद करून पलंगाखाली ढकलू नका, चेन उघडी ठेवा.